सावडीचे मलम

दिवाळीनंतरच्या सोमवारी दुपारी माझी पत्नी शोभा हिला क्रॉनिक हँड एक्झिमा असल्याचे निदान झाले. क्रॉनिक हँड एक्झिमा म्हणजे हातांच्या त्वचेचा दीर्घकाळ चालणारा दाह. निदान करणारे डॉक्टर मोठ्या शहरातून आले होते. यवतमाळ जिल्ह्यातील एका धर्मादाय रुग्णालयात त्यांचे त्वचारोगांवरील संशोधन सुरू होते. त्यांचे आणि रुग्णालयाचे नाव येथे दिलेले नाही. इतरांची नावे बदलली आहेत.

निदानाला त्यांना फार वेळ लागला नाही. त्यांनी शोभाचे दोन्ही हात उलटसुलट करून भिंगातून पाहिले आणि विचारले, "डावखुऱ्या आहात का?"

"नाही जी."

डॉक्टरांनी कागदावर एक ओळ लिहिली. प्रश्न का विचारला ते सांगितले नाही.

"हे कशामुळं झालं?" मी विचारले.

"एवढ्यावरून सांगता येणार नाही."

आम्ही मात्र कारण ठरवूनच तेथे गेलो होतो.

आम्ही बोरी अरबला राहतो. मी दारव्हा तालुक्यातून एका दैनिकाला बातम्या पाठवतो. शोभा गावातल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलांची खिचडी शिजवायची, वाढायची, भांडी घासायची, खोली झाडायची, हे तिचे काम. कापसाच्या हंगामात दुपारनंतर ती आमच्या वावरात वेचणीला जाते.

त्या वर्षांत जिल्ह्यातून कापसाशिवाय दुसरी बातमी क्वचितच मागितली जाई. बियाण्याचे पाकीट खरे की बनावट, फवारणीचे औषध शुद्ध की भेसळीचे, दुकानदार सांगतो ते किती आणि लपवतो ते किती, अशा शंका प्रत्येक गावात होत्या. शोभाच्या हाताला खाज सुटली तेव्हा कोणी दुसरे कारण शोधले नाही. सगळ्यांनी फवाऱ्याचे नाव घेतले. मीही घेतले.

पहिले लक्षण पोळ्यानंतर दिसले. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे टोकाला कोरडी पडली. मग त्यांना भेगा गेल्या. दसऱ्यापर्यंत दोन्ही तळहात लाल झाले होते. भांडी घासताना भेगांतून रक्त येई. रात्री खाजेने ती हात उशाखाली दाबून झोपे.

गावातल्या मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. तिच्यात तीन औषधे एकत्र होती. काही दिवस बरे वाटले, मग आजार दुपटीने उलटला. ज्यांच्या घरी असे हात असतील त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: अशा बहुतेक ट्यूबांत स्टेरॉइड असते. स्टेरॉइड म्हणजे सूज दाबणारे औषध. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगी आहे. दुकानदाराच्या सल्ल्याने ते लावू नये. हे आम्हाला नंतर सांगण्यात आले.

अंगणवाडीतला प्रकार याच काळातला. वंदना नावाची आमच्या गल्लीतली एक बाई मुलीला सोडायला आली होती. मुलीच्या ओठांभोवती फोड होते. शोभा खिचडीचे भांडे उतरवत होती. मी तिला सायकलवर सोडायला गेलो होतो आणि दारातच होतो.

"मंगलाताई, सांगून ठेवतो," वंदना सेविकेला म्हणाली. "हिच्या हातचं माह्या पोरीले देऊ नका. पाहा, तोंडाले फोडं आले."

"कावं वंदने," शोभा म्हणाली, "मागच्या साली तूच माह्या हातची खिचडी डब्यात भरून नेत होती. पोरीसंग तूबी खात होती."

"तवा तुहे हात चांगले व्हते."

दुसऱ्या दोन बायांनीही आपली मुले मागे ओढली. सेविका मंगलाताई शोभाची मैत्रीण. ती हळू आवाजात म्हणाली, "तू आता चुलीजवळ नको येऊ. मी करतो. हात बरे झाले का मंग पाहू."

मुलीचे फोड आणि शोभाचे हात यांचा संबंध होता का, हे तेव्हा कोणालाही माहीत नव्हते.

पुढच्या आठवड्यात पर्यवेक्षिका आल्या. संक्रांतीपर्यंत हात बरे झाले नाहीत, किंवा हा आजार पसरत नाही असे त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितले नाही, तर दुसरी मदतनीस पाहावी लागेल, असे त्यांनी शोभाला सांगितले. तोपर्यंत तिने घरी राहायचे होते. त्या जागेसाठी वंदनाच्या नणंदेचे नाव घेतले जात होते. याला दुजोरा मिळाला नाही.

संशोधनाची माहिती मला बातमीच्या निमित्ताने मिळाली. वेचणी, जिनिंग, सरकी अशा कापसाच्या कामांत असलेल्या ज्या लोकांच्या हातांना तक्रारी आहेत, त्यांची तपासणी होणार होती. कारण शोधायचे आणि दोन मलमांची तुलना करायची, असा अभ्यासाचा उद्देश होता. मी शोभाला घेऊन गेलो. वहीही सोबत होती.

डॉक्टरांनी वही पाहिली. "तुम्ही पत्रकार म्हणून आलात की पती म्हणून?"

"दोन्ही."

"मग दोघांना एकदमच सांगतो."

आधी पॅच टेस्ट होणार होती. पॅच टेस्ट म्हणजे संशयित द्रव्यांचे थेंबभर नमुने पाठीवर चिकटवून त्वचेची प्रतिक्रिया कोणत्या द्रव्याला येते ते पाहणे. त्यानंतर मलम. मलमाचा भाग डबल ब्लाइंड होता. म्हणजे कोणाला कोणते मलम मिळाले हे रुग्णाला माहीत नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नसते. अर्ध्या रुग्णांच्या ट्यूबमध्ये नवे औषध असलेले मलम, अर्ध्यांच्या ट्यूबमध्ये तेच मलम औषधाशिवाय. औषधाशिवायचे मलमही त्वचा मऊ ठेवते, असे डॉक्टरांनी स्पष्ट केले.

"पैसा कोणाचा?" मी विचारले.

"नवं मलम कंपनी देते. बाकी खर्च आमच्या संस्थेचा."

ती कंपनी फवारणीची औषधेही बनवते का, असे मी विचारले. ते नाही म्हणाले. मी नंतर दोन ठिकाणी चौकशी केली. तेथेही नाही असेच उत्तर मिळाले. तरी माझी शंका गेली नाही. कापसाच्या पट्ट्यात, कापूस वेचणाऱ्यांना, एक कंपनी फुकट मलम देते, या वाक्यातला एकही शब्द त्या वर्षी निर्धास्तपणे वाचता येत नव्हता.

गावातही हीच भावना होती. पानठेल्यावर एकाने मला विचारले, "काहो वार्ताहर साहेब, बायकोले उंदीर कायले बनवून राह्यले?"

मी हे घरी सांगितले. शोभा म्हणाली, "उंदीर तर उंदीर. हात बरे झाले म्हंजे झालं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पन माह्या हाताचा फोटो पेपरात टाकला तर पाहून घ्या."

पॅच टेस्टसाठी बायांना आठवडाभर रुग्णालयाच्या आवारातील खोल्यांत राहावे लागले. पाठीवर नमुन्यांच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. पाठ ओली करायची नाही, वाकून काम करायचे नाही. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, पाठीवर शाईने खुणा केल्या आणि नंतर पुन्हा तपासणी झाली. शोभाच्या खोलीत आमच्याच भागातल्या बाया होत्या. त्यांतल्या दोघींचा उल्लेख पुढे येईल. मुक्ताबाई वेचणाऱ्या बायांची टोळी चालवत. वयाने सगळ्यांत मोठ्या होत्या, म्हणून सगळ्या त्यांना मावशी म्हणत. रझिया दारव्ह्याची. ती एका जिनिंगमध्ये मशीनजवळ सांडलेला कापूस गोळा करी.

"पाठीवर काय लिवलं वं माह्या?" मुक्ताबाईंनी एकदा शोभाला विचारले.

"आकडे हायत, मावशी."

"मंग तर माही पाठ माह्यापेक्षा शिकलेली झाली."

शोभाच्या पाठीवर एकही खूण उमटली नाही. यादीतल्या कोणत्याच द्रव्याला प्रतिक्रिया नाही, असे सांगण्यात आले. मी यादी मागितली. फवारणीच्या औषधांची नावे त्यात फार थोडी होती.

"ज्यांची सुरक्षित चाचणी उपलब्ध आहे तेवढीच आहेत," डॉक्टर म्हणाले. "सगळी नाहीत. हे मी लपवत नाही."

मी हे वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. मला ते लपवल्यासारखेच वाटले होते.

त्यानंतर ट्यूब मिळाल्या. पांढऱ्या, बिननावाच्या. फक्त क्रमांक. दर सोमवारी यायचे, रिकामी ट्यूब परत द्यायची, नवी घ्यायची, हात दाखवायचे. ट्यूब देण्याचे काम एका तरुण सिस्टरकडे होते.

पहिल्या सोमवारी बाकावर बसल्या बसल्या रझियाने मला विचारले, "भाऊ, तुमी पेपरवाले. खरं सांगा. ह्या साऱ्या ट्यूबा एकच हायत का?"

डॉक्टरांनी मला सांगितले होते तेच मी तिला सांगितले. रुग्णांनाही ते आधी समजावून झाले होते, पण त्यांच्या लक्षात राहिले नव्हते.

"म्हंजे अर्ध्या बायायले औषध, अन् अर्ध्यायले नुस्तं वंगण," रझिया म्हणाली. "आमच्या मशीनले लावते तसं."

"वंगणानंही थोडा फायदा होतो," मी म्हणालो.

"मंग डॉक्टर सोता कायले नाई लावत वंगण?"

बाया हसल्या. मुक्ताबाई हसल्या नाहीत. त्यांनी रझियाच्या हातातली ट्यूब घेतली, आपल्या ट्यूबशेजारी धरली, दोन्हींकडे पाहिले आणि परत दिली.

पुढचे काही सोमवार नोंद घेण्यासारखे काही घडले नाही. बाकावर वाट पाहावी लागे. आत हातांचे फोटो काढले जात. भेगा, लाली, खाज यांना गुण दिले जात. शोभाचे हात सुधारत होते, पण सावकाश. भेगांतले रक्त थांबले होते. बोटांची टोके मात्र तशीच होती. अंगणवाडीचे काम बंद असल्यामुळे या काळात ती वावरात अधिक जात होती. म्हणजे कापसाशी संबंध वाढला होता आणि हात तरी सुधारत होते. ही गोष्ट मी वहीत लिहिली होती. तिचा अर्थ लावला नव्हता.

मग एका सोमवारी डॉक्टरांनी आमच्या भागातल्या बायांना एकापाठोपाठ एक न सोडता एकत्र आत बोलावले. सर्वांचे हात टेबलावर ठेवायला सांगितले. ते बराच वेळ पाहत राहिले.

"सगळ्यांचे हात एकसारखे सुधारलेत," ते म्हणाले. "असं व्हायला नको."

"बरे व्हायले नको?" रझियाने विचारले.

डॉक्टरांनी सिस्टरला बोलावले आणि आमच्यासमोरच विचारले, ट्यूब वाटताना क्रमांक पाहिले होते का. सिस्टर हो म्हणाली. दुसऱ्यांदा विचारले. ती पुन्हा हो म्हणाली. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा ती रडू लागली. मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले.

"तुम्ही सिस्टरकडून काही माहिती घेतली का? कोणती ट्यूब कोणती, वगैरे?"

"नाही."

त्यांना माझे उत्तर पटले नाही, हे दिसत होते. मलाही त्यांचा प्रश्न पटला नव्हता. पुढच्या सोमवारपर्यंत खुलासा झाला नाही तर सिस्टरला या कामावरून काढले जाईल, असे त्यांनी सांगितले.

परतीच्या एसटीत मी बातमीची जुळवाजुळव केली. सर्वांचे हात सारखे सुधारले, याचा माझ्या मते एकच अर्थ होता. सर्वांना एकच मलम दिले होते आणि तुलना कागदावर होती. संशोधनाच्या नावाखाली कापूस कामगारांची फसवणूक, अशी ती बातमी झाली असती. तिला एक दुजोरा हवा होता. आमच्या वृत्तपत्राचा नियम असा होता की एका तोंडची बातमी छापायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभा अंगणात हाताला मलम लावत बसली होती. तिच्या पुढ्यात ट्यूब नव्हती. चटणीची स्टीलची डबी होती.

"हे काय?"

"मलम."

"ट्यूबमधलं?"

"साऱ्याइचं."

मी खाली बसलो. तिने डबीचे झाकण लावले.

"सावडीनं लावून राह्यलो आमी," ती म्हणाली. "पयल्या सोमवारपासून."

सावड म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावे लागत नाही. आज साऱ्या तुझ्या वावरात, उद्या साऱ्या माझ्या. मुक्ताबाईंच्या टोळीत तर याहून पुढची रीत होती. इतर टोळ्यांत जिने जेवढा वेचला तेवढे तिचे वजन होते. यांच्या टोळीत सगळ्यांचा कापूस एका ढिगात पडे, वजन एकदाच होई आणि हिस्से सारखे. म्हातारीचा वेगळा नाही, पोटुशीचा वेगळा नाही.

रुग्णालयातून निघाल्यावर या बाया एसटी स्टँडवर निंबाखाली भाकरी खायला बसत. तेथे सगळ्यांच्या ट्यूब एका डब्यात पिळल्या जात, चमच्याने कालवल्या जात आणि प्रत्येकीच्या डबीत सारख्या वाटल्या जात. वाटणी शोभा करी. रोज मुलांना खिचडी वाढण्याची सवय असल्यामुळे तिची वाटणी कमीजास्त होत नाही, असे बायांनी ठरवले होते.

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी लिवलं असतं."

मी बातमी लिहिली नाही. दुजोरा मिळाला नव्हता. मिळाले होते ते बातमीच्या उलट होते.

डॉक्टरांना सांगायचे की नाही, हा प्रश्न उरला. अभ्यासातून काढले तर मलम थांबणार होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हा आजार पसरतो की नाही हे पर्यवेक्षिकांना सांगण्यासाठी शोभाजवळ याच डॉक्टरांचा शब्द होता. अभ्यास संपला की लिहून देतो, असे ते म्हणाले होते. संक्रांत जवळ आली होती. ज्यांना फसवले त्यांच्याकडून शब्द कसा मागायचा, असे मी विचारले.

"त्या सिस्टरनं काहीच नाई केलं," शोभा म्हणाली. "हातावरून बोलनं कसं लागते ते मले माहीत हाय."

सोमवारी बाया एकत्र आत गेल्या. मी दाराजवळ उभा राहिलो. मुक्ताबाईंनी आपली डबी टेबलावर ठेवली.

"साहेब, त्या पोरीले काही म्हनू नका. आमी साऱ्यायनं ट्यूबा एकात केल्या."

डॉक्टरांनी डबी उघडली, बंद केली. "कोणी शिकवलं हे?"

"शिकवाचं काय त्यात? आमचा कापूस एका ढिगात पडते. मलमाले दुसरा कायदा कायले?"

"मावशी, पण त्यामुळं कोणतं मलम गुणकारी हे आता आम्हाला कळणार नाही."

"हात तर बरे झाले ना?"

"अर्धवट झाले. ज्यांना पूर्ण आराम पडला असता, त्यांनाही अर्धाच पडला."

"व्हय," मुक्ताबाई म्हणाल्या. "अन् ज्यायले नसता पडला, त्यायलेबी अर्धा पडला."

डॉक्टरांनी सिस्टरला बोलावून सर्वांसमोर तिची माफी मागितली. आमच्या भागातल्या सर्व बाया अभ्यासातून वगळण्यात येत आहेत, असे त्यांनी सांगितले. त्यांची माहिती निष्कर्षात धरली जाणार नव्हती. नेहमीचे उपचार बाह्यरुग्ण विभागात सुरू राहणार होते.

"वाटणी कोण करायचं?" त्यांनी विचारले.

शोभाने हात वर केला.

"भेगा असलेल्या हातांनी?"

"चमच्यानं, साहेब," रझिया मधेच म्हणाली. "हिच्याइतकं सारखं कोनालेच जमत नाई. अंगनवाडीत पोरायले वाढते ना ती."

"काय वाढता?"

"खिचडी. मीच करतो अन् मीच वाढतो. करत होतो," शोभा म्हणाली.

डॉक्टर पुढे झुकले. "कशी करता? हातानं करून दाखवा. पहिल्यापासून."

शोभाने रिकाम्या टेबलावर डाळ-तांदूळ धुतले. मिरच्या मोडल्या. मग डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे जुळवून तिने नसलेली लसणाची पाकळी धरली आणि उजव्या हाताने सोलली. दुसरी धरली, सोलली.

"थांबा. रोज किती लसूण?"

"ओंजळभर तर लागते. पोरायले फोडनी आवडते."

डॉक्टरांनी पहिल्या दिवसाचा कागद काढला. डाव्या हातावर आजार जास्त असल्याचे त्यांनी तेव्हाच लिहिले होते. कापूस दोन्ही हातांनी वेचला जातो, म्हणून त्यांना तेव्हाच वेगळी शंका आली होती, असे त्यांनी सांगितले.

"मग तेव्हाच तपासणी का केली नाही?" मी विचारले.

"अभ्यासाची यादी आधी ठरलेली असते. मधेच एका रुग्णासाठी बदलता येत नाही. संपल्यावर पाहणार होतो."

"अभ्यास कधी संपणार होता?"

"फेब्रुवारीत."

संक्रांत जानेवारीत असते. मी हे त्यांना सांगितले. संक्रांतीच्या मुदतीबद्दल आपल्याला कोणी बोलले नव्हते, असे ते म्हणाले. हे खरे होते. आम्ही त्यांच्याकडून शब्द मागितला होता, कशासाठी ते सांगितले नव्हते. त्यांच्या हातात आमची कमजोर बाजू द्यायची नाही, असे मी घरीच ठरवले होते.

आता शोभा अभ्यासात नसल्याने यादीचे बंधन राहिले नव्हते. शहरातून डायअलिल डायसल्फाइड मागवण्यात आले. डायअलिल डायसल्फाइड म्हणजे लसणातले एक उग्र द्रव्य. कच्चा लसूण पाठीवर चिकटवला तर कोणाचीही त्वचा भाजू शकते, म्हणून हे द्रव्य सौम्य करून वापरतात. ही चाचणी घरी करून पाहू नये. पट्टी काढली तेव्हा शोभाच्या पाठीवर एकच लाल, पुळ्या आलेला ठिपका होता. दोन दिवसांनी तो आणखी ठळक झाला.

डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. कच्च्या लसणाला हात लावायचा नाही. रबरी हातमोजे घालूनही नाही, कारण हे द्रव्य मोज्यांतून आत जाते. शिजलेली खिचडी खायला हरकत नाही. सोबत स्टेरॉइडचे मलम ठरावीक काळ, हळूहळू कमी करत, आणि दिवसभर व्हॅसलिन. घरचा लसूण तेव्हापासून मी सोलतो.

फवारणीच्या औषधांनी हातांना काही होत नाही, असे या तपासणीतून सिद्ध झालेले नाही. डॉक्टरांनीही तसे म्हटले नाही. शोभाच्या बाबतीत कारण लसूण होते, एवढेच निश्चित झाले. मुक्ताबाई आणि रझिया यांचे निष्कर्ष त्यांचे आहेत. ते येथे दिलेले नाहीत. अभ्यास नंतर दुसऱ्या तालुक्यातील रुग्णांसह पुढे चालू राहिला. नव्या मलमाचा गुण किती, हे आम्हाला कळलेले नाही. मी दोनदा विचारणा केली. उत्तर आले नाही.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी तपासणाऱ्याला आपले दिवसभराचे सगळे काम सांगावे. शेतातलेही आणि चुलीजवळचेही. आम्ही फक्त शेतातले सांगितले होते. डॉक्टरांचे, त्या सिस्टरचे आणि शोभासोबत बाकावर बसलेल्या बायांचे आम्ही आभारी आहोत.

हा आजार स्पर्शाने किंवा अन्नातून पसरत नाही, फक्त कच्च्या लसणाला शोभाने हात लावू नये, असे डॉक्टरांनी लिहून दिले. संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी पर्यवेक्षिकांनी अंगणवाडीत ते मातांना वाचून दाखवले. वंदनाच्या मुलीचे फोड केव्हाच गेले होते. शोभाने हात पुढे केले. भेगा मिटल्या होत्या. बोटांची त्वचा अजून गुलाबी होती. वंदनाने ती जवळ येऊन पाहिली, पण हात लावला नाही.

"मंग फोडनीचा लसून कोन सोलन?" तिने विचारले.

"मले कामं कमी हायत का?" मंगलाताई म्हणाली.

"सावड करा," शोभा म्हणाली. "रोज एका घरून सोलून येऊ द्या."

"पाहा बाप्पा! आता हिच्यासाठी आमी लसून सोलाचा."

"माह्यासाठी नाई वं. तुह्या पोरीच्या खिचडीसाठी."

मातांनी पाळ्या ठरवल्या. सोमवारी खिचडी शोभाने शिजवली आणि शोभानेच वाढली. सोललेला लसूण वंदनाच्या घरून आला होता.